तुमचे प्रश्न: सत्याग्रह झाला, मग कमलाबाईंनी पुढे काय केलं?

मागच्या महिन्यात एकीला उत्तर देताना मी कमला सोहोनींचा जाता जाता उल्लेख केला होता, की अन्नाच्या केमिस्ट्रीत आज आपल्याकडे इतक्या बायका दिसतात त्यामागे या बाईंचा मोठा हात आहे, बस एवढंच. त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळचं पूर्ण सदर त्यांनाच दिलंय. मी स्वतः तेवीस वर्षं अन्न तपासणीच्या लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, उत्तरं लांबली तर समजून घ्या.

ताई, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्या मुली कमला सोहोनींवर छोटं नाटक बसवतात. रामन यांच्या ऑफिसबाहेरचा सत्याग्रह, मग प्रवेश, टाळ्या आणि पडदा. या वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग आत जाऊन त्यांनी काय केलं?" मला धड सांगता आलं नाही, फार वाईट वाटलं.

वाईट वाटून घेऊ नका, त्या मुलीला माझ्याकडून शाब्बासकी द्या, कारण तिने अगदी नेमकं बोट ठेवलंय. आपण सगळेच ती गोष्ट दारापाशी थांबवतो.

आधी दारापर्यंतचं पटकन सांगते. माहेरचं नाव कमला भागवत, जन्म १९११, इंदूर. वडील आणि काका दोघंही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधले, म्हणजे आजच्या आयआयएससीचे (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स), सुरुवातीच्या काळातले केमिस्ट्रीचे विद्यार्थी, त्यामुळे घरात केमिस्ट्री म्हणजे रोजचंच बोलणं. १९३३ ला मुंबई विद्यापीठातून बीएस्सी, गुणवत्ता यादीत वर, आणि अर्ज सरळ त्याच इन्स्टिट्यूटला. तिथे सी. व्ही. रामन डायरेक्टर. मुलगी म्हणून नकार. ही बंगलोरला जाऊन ठाण मांडून बसली, शेवटी प्रवेश मिळाला पण अटींवर: पहिलं वर्ष प्रोबेशन, काम पसंत पडलं तरच ते धरलं जाईल, गाइड सांगतील तसं रात्री उशिरापर्यंतही काम करायचं आणि लॅबचं वातावरण बिघडवायचं नाही. ही शेवटची अट वाचली की मला आजही राग येतो.

आता आतलं. गाइड मिळाले श्रीनिवासय्या, कडक पण शिकवायची मनापासून हौस असलेले. तिथे कमलाबाईंनी हातात घेतली दुधातली आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं. बघा ना, १९३० च्या दशकात हुशार माणूस काहीतरी भव्य विषय शोधायचा आणि ही मुलगी विचारत होती की गरिबाच्या ताटातल्या डाळीत नेमकं काय असतं. १९३६ ला एमएस्सी झाली, डिस्टिंक्शनसकट, आणि तिथून केंब्रिज. तिथे बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख होते फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स, व्हिटॅमिनच्या कामासाठी नोबेल मिळालेले. लॅबमध्ये जागा नव्हती, तर डेरेक रिश्टर नावाच्या शास्त्रज्ञाने आपलं टेबल दिवसा हिला वापरायला दिलं आणि रात्री तो त्याच टेबलावर झोपायचा म्हणे. पुढे त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करायला लागल्या (बारावी बायोलॉजीत फोटोसिंथेसिसमध्ये 'हिल रिॲक्शन' येते ना, तेच हे हिल) आणि बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं.

हे मुलींना असं सांगा. आपण खाल्लेल्या अन्नातून पेशी ऊर्जा काढते तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे हातोहात दिले जातात, आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत रांग लावून बादल्या पुढे देतात ना, तसे. त्या रांगेत उभं असलेलं एक छोटं लोहयुक्त प्रोटीन म्हणजे सायटोक्रोम सी. ते प्राण्यांत असतं हे माहीत होतं, कमलाबाईंच्या कामातून दिसलं की वनस्पतींच्या पेशीतही तेच आहे, म्हणजे बटाटा आणि आपण श्वास घेतो तो मुळात एकाच पद्धतीने. या कामाचा थिसिस किती पानांचा असेल? ४०. आणि वेळ लागला १४ महिने. १९३९ ला पीएचडी. आमच्याकडे थिसिस जाड झाला नाही तर मुली घाबरतात, म्हणून मुद्दाम सांगते.

मग त्या परत आल्या. तिथे राहता आलं असतं, पण त्या १९३९ लाच परत आल्या, आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबमध्ये असिस्टंट डायरेक्टर झाल्या. ही कुन्नूरची लॅब म्हणजेच पुढे १९५८ मध्ये हैदराबादला गेलेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाणारी. १९४७ मध्ये लग्न झालं, सोहोनी ॲक्च्युअरी (विम्याचं गणित मांडणारे) होते, मुंबईत आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्रीचा विभाग उभा केला.

आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात सुंदर काम इथलं आहे, मुंबईचं. आपल्या कडधान्यांत प्रथिनं भरपूर, मग ती पचायला जड का? तर लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतं आणि कच्च्या कडधान्यात त्या ट्रिप्सिनलाच अडवणारे पदार्थ असतात, ट्रिप्सिन इनहिबिटर. कात्रीच्या पात्यांत चिंधी अडकावी तसं होतं. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाल आणि डबल बीमधून हे इनहिबिटर शुद्ध करून स्फटिकाच्या रूपात वेगळे काढले आणि ते १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. वाल! आपले बिरड्याचे वाल! आपल्या आज्या वाल रात्रभर भिजवायच्या, मोड आणायच्या, सोलायच्या आणि मग मऊ शिजवायच्या, त्याला केमिस्ट्रीची जोड अशी की उष्णतेने हे इनहिबिटर बऱ्याच प्रमाणात निकामी होतात. पुढच्या वर्षी नाटकाचा दुसरा अंक करा, त्यात स्टेजवर वाल भिजत ठेवलेलं पातेलं दिसू दे.

रामन इतके मोठे शास्त्रज्ञ, देशाला नोबेल मिळवून दिलं. त्यांच्याबद्दल ही गोष्ट पुन्हा पुन्हा उगाळणं बरं दिसतं का?

रामन मोठेच होते, त्याबद्दल काही वाद नाही. पण ही गोष्ट कुणी मागाहून रचलेली नाहीये, खुद्द कमलाबाईंनी उतारवयात महिला शास्त्रज्ञांच्या सभेत उघडपणे सांगितलं होतं की केवळ बाई म्हणून मिळालेली ती वागणूक त्या कधी विसरू शकल्या नाहीत. ज्याला लागलं त्याने सांगितलं तर त्याला उगाळणं म्हणायचं नाही. आणि दुसरी बाजूही आहे, ती मी नेहमी सांगते: कमलाबाईंचं वर्षभराचं काम बघितल्यावर संस्थेचं दार मुलींना उघडलं. पुढे १९४० मध्ये ॲना मणी रामन यांच्याच लॅबमध्ये आल्या, हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम केलं. पण त्यांनाही पीएचडी मिळालीच नाही, का तर मास्टर्सची डिग्री नाही, तेव्हा दार उघडलं म्हणजे सगळं झालं असं नव्हतंच. कमलाबाईंना मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं, स्वतःच्याच संस्थेचं, डायरेक्टरपद मिळायलासुद्धा काही वर्षं वाट बघावी लागली, लायकी असून.

कमला सोहोनी म्हणजे दुर्गा भागवतांच्या बहीण का? आमच्या घरी यावरून पैज लागलीय.

हो, सख्ख्या, धाकट्या. दुर्गाबाई १९१० च्या, कमलाबाई १९११ च्या. १९७५ ला कराडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई आणि बंगलोरला दारात बसलेल्या कमलाबाई एकाच घरच्या. पैज कोण जिंकलं ते कळवा.

सगळीकडे "पहिली भारतीय महिला पीएचडी" असं छापतात. हे खरं का? जानकी अम्माल आधीच्या ना?

बरोबर पकडलंत. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना १९३१ मध्येच अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डीएस्सी (डॉक्टर ऑफ सायन्स) मिळाली होती. आणि आपल्या इरावती कर्वे, त्यांनी तर १९३० लाच बर्लिनहून मानववंशशास्त्रात डॉक्टरेट आणली. मग कमलाबाईंच्या बाबतीत 'विज्ञानात पीएचडी ही पदवी मिळवणारी पहिली' असं शब्द तोलून म्हणावं लागतं. शिवाय १९४४ मध्ये कलकत्त्याच्या असीमा चॅटर्जी डीएस्सी झाल्या, त्या भारतीय विद्यापीठातून विज्ञानाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या. माझं म्हणाल तर मला या 'पहिली'च्या शर्यतीत फारसा रस नाही, पण तुम्ही निबंध किंवा भाषण लिहीत असाल तर हे नीट लिहा, कारण एकीला मोठं करताना दुसरीचं नाव पुसलं जातं.

असीमाबाईंचा विषय निघालाच आहे तर, त्या औषधी वनस्पतींच्या केमिस्ट, अपस्मारावरचं 'आयुष-५६' हे औषध त्यांच्या कामातून आलं. १९७५ मध्ये त्या सायन्स काँग्रेसच्या पहिल्या महिला जनरल प्रेसिडेंट झाल्या आणि १९८२ ते १९९० राज्यसभेत राष्ट्रपतीनियुक्त खासदार होत्या. कुणी म्हणालं ना की केमिस्ट्री शिकून लॅबच्या चार भिंतींत आयुष्य जाणार, तर हे नाव सांगा.

नीरेवर कमलाबाईंनी काम केलं होतं म्हणे. नीरा खरंच पौष्टिक असते की नुसती जाहिरात? माझे सासरे रोज सकाळी आणतात.

काम केलं होतं आणि ते चांगलं लांबलचक काम होतं, तेव्हाचे राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झालेलं. ताड-माडाचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. त्यात व्हिटॅमिन सी आणि लोह आहे हे त्यांनी मोजून दाखवलं, कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात ती दिल्यावर तब्येत सुधारते हेही दाखवलं, आणि यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुद्दा काय होता तर स्वस्त आणि जवळ मिळणारं पोषण.

तुमच्या सासऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, नीरा सूर्य वर आला की भराभर आंबते आणि तिची ताडी होते, म्हणून गार ठेवलेली, सकाळी लवकरची घ्यायची, आंबूस वास किंवा फेस आला की नको. दोन, तिच्यात साखर भरपूर असते. कमलाबाईंनी ती उपाशी पोरांसाठी तपासली होती, डायबेटिस असलेल्या माणसाने रोज दोन ग्लास प्यावी म्हणून नाही. सासऱ्यांना साखरेचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा.

मुलगी मराठी माध्यमातून शिकली, आता एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पीएचडी करायचीय. नातेवाईक म्हणतात अजून पाच वर्षं शिकली तर लग्नाचं काय, आणि इंग्रजीचं काय, त्यापेक्षा फार्मा कंपनीत लावा. मी आई म्हणून गोंधळलेय. समाजाच्या उपयोगाचं काम करायचं तर केमिस्ट्रीत नोकऱ्या तरी असतात का?

तुमचं पत्र तीनदा वाचलं. यात तीन प्रश्न एकात एक गुंतलेत.

इंग्रजीचं आधी, कारण ते सोपं आहे. सीएसआयआर म्हणजे देशभरातल्या डझनावारी राष्ट्रीय प्रयोगशाळांची संस्था, पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) त्यातलीच. २०२२ मध्ये तिच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या एन. कलैसेल्वी, लिथियम बॅटरीवर काम करणाऱ्या इलेक्ट्रोकेमिस्ट, तमिळनाडूतल्या गावातल्या, शाळा तमिळ माध्यमात. मातृभाषेत शिकल्याने कल्पना पक्क्या झाल्या असं त्यांनी स्वतः सांगितलंय. इंग्रजी वर्षभरात पेपर वाचून वाचून येतं हो, मला आलं, कल्पना कच्च्या राहिल्या तर मात्र काही खरं नाही.

पैशाचं. पीएचडी म्हणजे घरून पैसे घालून शिकणं असं नातेवाइकांना वाटत असेल तर त्यांना सांगा की मुलगी सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) झाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० फेलोशिप मिळते, वर घरभाडं. परीक्षा अवघड आहे, खोटं कशाला सांगू, पण आत्ता शेवटच्या वर्षातच तयारीला लागायचं.

आणि समाजोपयोगी काम. बाई, हा तर माझा जीव की प्राण विषय. अन्न तपासणीची लॅब, पाणी तपासणीची लॅब, प्रदूषण नियंत्रण मंडळ, फॉरेन्सिक लॅब, औषध नियंत्रण, पोषण संस्था, म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्न तंत्रज्ञानाची संस्था, सगळीकडे केमिस्ट लागतात. माझ्या वाटेचं नेमकं सांगते: फूड ॲनालिस्ट व्हायचं तर केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी अशा विषयात मास्टर्स, अन्न तपासणीचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मग अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परीक्षा. हे झालं की तुमच्या सहीचा रिपोर्ट कोर्टात चालतो. पहिल्यांदा मी एका भेसळीच्या रिपोर्टवर सही केली तेव्हा हात थरथरत होता, कारण आकडा चुकला तर एक तर निर्दोष माणूस अडकणार किंवा दोषी सुटून मुलांच्या पोटात विष जाणार. त्या रात्री सगळी आकडेमोड परत केली. या कामाला ग्लॅमर अजिबात नाही पण सकाळी उठून जावंसं वाटतं.

लग्नाचं मी काय सांगणार, तो तुमच्या मुलीचा निर्णय. माझा एक अनुभव तेवढा सांगते. मी तरुण असताना एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले तर केमिस्ट्रीचा एक प्रश्न विचारला आणि लग्न कधी, मूल कधी, रात्री थांबशील का हे सात-आठ. नोकरी मिळाली नाही. घरी येऊन रडले तेव्हा माझी आई एवढंच म्हणाली, उद्याच्या पेपरात दुसऱ्या जाहिराती असतील. कमलाबाई तर लग्नाआधीच पीएचडी होऊन, एका विभागाच्या प्रमुख होऊन आल्या होत्या, त्या छत्तिसाव्या वर्षी लग्न करून मुंबईत आल्या आणि खरं मोठं काम त्यानंतर केलं, हे नातेवाइकांना जरूर सांगा. कंपनीची नोकरी वाईट नाही, पण मुलगी स्वतः पीएचडी म्हणतेय ना? मग तिला नेटचा फॉर्म भरू द्या.

एमएस्सी बायोकेमिस्ट्री आहे, पण मुलांसाठी नऊ वर्षं घरी आहे. आता वय ३८. संपलं का सगळं?

नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञांसाठी योजना आहे, करिअरमध्ये खंड पडलेल्या बायकांना परत रिसर्चमध्ये आणायला सुरू केलेली, आता तिला वाइज-किरण म्हणतात. त्यात पीएचडीसाठीची फेलोशिपही आहे. सध्याच्या वयाच्या आणि इतर अटी त्यांच्या ताज्या जाहिरातीत बघून घ्या, त्या बदलत असतात. जोडीला जवळच्या खासगी अन्न किंवा पाणी तपासणी लॅबमध्ये सहा महिने पगार कमी असला तरी हात बसवा, कारण मशिनं नवी आली असली तरी पिपेट, टायट्रेशन, वजन करणं तेच आहे, आठवड्यात आठवतं. प्रामाणिकपणे सांगते, पहिले दोन महिने आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलीला विचारत काम करावं लागेल, ते जड जातं. जाऊ द्या.

कमलाबाई निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत होत्या असं ऐकलं. केमिस्टचं तिथे काय काम? आणि सामान्य बाईला घरी भेसळ कळू शकते का?

केमिस्टचंच तर काम. मुंबईत १९६६ मध्ये नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. कमलाबाई तिथे मनापासून काम करायच्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या आणि सोसायटीच्या 'कीमत' मासिकात लिहायच्या. त्याआधी आरे दूध योजनेलाही दुधाच्या दर्जाबद्दल त्या सल्ला द्यायच्या. पुढे जून १९९८ मध्ये दिल्लीला त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. वय ८७ होतं.

घरच्या तपासणीचं म्हणाल तर थोडं कळतं, सगळं नाही. दूध, खवा, पनीर यात पीठ मिसळलंय का ते आयोडीनच्या थेंबाने कळतं, नमुना थोड्या पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि मग दोन-तीन थेंब टाका, निळं झालं तर स्टार्च आहे. हळद ग्लासभर पाण्यात टाकून न ढवळता ठेवा, शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग घातलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. पण दुधातला युरिया, भाजीवरचं कीटकनाशक, तेलातली मिसळ, हे घरच्या ग्लासात नक्की कळत नाही, त्याला लॅबच हवी.

आणि लॅबचा हक्क तुम्हाला आहे, हे फार कमी जणींना माहितीय. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कुठलाही ग्राहक ठरलेली फी भरून विकत घेतलेला पदार्थ फूड ॲनालिस्टकडून तपासून घेऊ शकतो आणि रिपोर्टमध्ये माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. अट एकच, मी हे तपासायला देणार आहे असं दुकानदाराला वस्तू घेतानाच सांगायचं, घरी जाऊन नंतर नाही. पक्कं बिल घ्या, पाकीट न फोडता ठेवा.